एक कॅथीड्रल पाहिलं की सगळी पाहिली? (यॉर्क, शनिवार-रविवार, चार मित्र)

घाटमाथा
नमस्कार मंडळी. होस्टेलवरचे आम्ही चार जुने मित्र पुढच्या महिन्यात भेटतोय. मी रेडिंगला, एक लंडनला, एक मँचेस्टरला आणि चौथा पुण्याहून ऑफिसच्या कामासाठी येतोय. त्याला मधला शनिवार-रविवार मोकळा आहे. लंडन त्याचं पाहून झालंय, म्हणून सगळ्यांना आगगाडीने सोयीचं पडेल अशा यॉर्कवर मी बोट ठेवलं आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर महाभारत सुरू झालं.

लंडनकराचा हेका डरहॅमचा. मँचेस्टरकर शाकाहारी, त्याला पोटात काय जाणार एवढीच चिंता. आणि पुणेकराचं म्हणणं असं की युरोपच्या टूरमध्ये इतकी चर्चं पाहिली आहेत की आता एक पाहिलं की सगळी पाहिली, त्यासाठी माणशी वीसेक पौंड मोजायला तो काही खुळा नाही. माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, ते वेगळंच.

तर यॉर्क की डरहॅम? तिकीट काढून कॅथीड्रल पाहण्यात खरंच अर्थ आहे का? आणि चर्चबाहेरचं दोन दिवसांत काय काय होईल? जाऊन आलेल्यांनी मोकळेपणी लिहा.

टेम्सकाठचा बोका
यॉर्क. पुढचा प्रश्न.

मुक्काम पोस्ट लीड्स
पंचवीस मिनिटांवर राहतो, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला यॉर्क दाखवणं हे आमच्या घराण्याकडे आलेलं वतन आहे. थोडं व्यवहाराचं सांगतो.

किंग्ज क्रॉसहून थेट गाडीने साधारण दोन तास. तिकिटं आधी काढाल तर स्वस्त, ऐन वेळी काढाल तर विमानाचे भाव. दोघादोघांनी मिळून 'टू टुगेदर' रेलकार्ड काढलं तर एक तृतीयांश सूट मिळते, मात्र दोघांनी एकत्रच प्रवास करायला हवा. गाडी घेऊन येणाऱ्यांनी गावात शिरायच्या फंदात पडू नये. बाहेर पार्क अँड राइड आहे, तिथे गाडी लावायची आणि बसने यायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हॉटेल बुक करण्याआधी घोड्यांच्या शर्यतींचं वेळापत्रक बघा. नेव्हसमायरवर शर्यत असलेल्या शनिवारी हॉटेलचे दर दुप्पट होतात आणि संध्याकाळी सहानंतर सुटाबुटातली मंडळी रस्त्यावर लडखडत असतात. एरवीही शनिवारी लग्नाआधीच्या पार्ट्या करणारे जथे असतातच. गाव खऱ्या अर्थाने तुमचं असतं ते रविवारी सकाळी आठ ते दहा. तेव्हा शॅम्बल्स या जुन्या अरुंद गल्लीतून चाला. दुपारी तिथे गणपतीच्या आदल्या दिवशीच्या तुळशीबागेत शिरल्यासारखं वाटतं.

तटबंदीबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो.

अबोली
@घाटमाथा, तुमच्या पुणेकराला माझ्यातर्फे सांगा की सगळी चर्चं सारखी वाटतात ती बाहेरून फोटो काढून बसमध्ये चढणाऱ्यांना.

यॉर्क मिन्स्टरमध्ये, म्हणजे तिथल्या कॅथीड्रलमध्ये, बघायची ती काच. पूर्वेची मोठी खिडकी साधारण टेनिस कोर्टाएवढी आहे. १४०५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराशी करार झाला, तीन वर्षांत काम पुरं करायचं आणि मजुरी ५६ पौंड. त्याने वेळेत पुरं केलं! वरच्या भागात विश्वाच्या उत्पत्तीपासूनच्या कथा, खाली जगाचा अंत. प्रत्येक चौकटीत माणसं, घोडे, सात तोंडांचे राक्षस. सहाशे वर्षं झाली, तरी रंग बघा. आपल्या काळात नुसती दुरुस्ती करायला दहा वर्षं लागली, २०१८ मध्ये संपली.

खालून नुसत्या डोळ्यांनी बारकावे दिसत नाहीत. छोटी दुर्बीण असेल तर घेऊन जा, खरंच सांगते.

आणि ही काच वाचली कशी तेही बघा. १६४४ मध्ये यादवी युद्धात पार्लमेंटच्या फौजेने शहर घेतलं. इतर ठिकाणी हेच लोक रंगीत काचा फोडत सुटले होते. इथे सेनापती फेअरफॅक्स यॉर्कशायरचाच निघाला, त्याने कुणाला हात लावू दिला नाही.

सदाशिव पेठ रिटर्न्स
काच छानच असेल हो अबोलीताई, पण देवाच्या दारात तिकीट हा प्रकार आम्हाला पचत नाही. आमच्याकडे रांग लावा, धक्के खा, पण दर्शन फुकट.

टेम्सकाठचा बोका
@सदाशिव पेठ, आणि व्हीआयपी पास? ह. घ्या.

अबोली
दर्शन इथेही फुकटच आहे. प्रार्थनेला येणाऱ्याकडून कोणी पैसे घेत नाही. संध्याकाळी 'ईव्हनसाँग' असतं, पाऊण तासाचं, वाद्यवृंदाच्या जागी मुलामुलींचा आणि मोठ्यांचा गायकवृंद. आधी वेबसाइटवर वेळ बघून पंधरा-वीस मिनिटं लवकर जायचं. धर्म कोणता, कुठून आलात, कोणी विचारत नाही. बसायचं, बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं. फोन खिशात ठेवायचा. तिकीट आहे ते हिंडून बघायचं. सरकार या वास्तूंना नेमाने खर्चाला पैसे देत नाही आणि दगड झिजतच असतो. मिन्स्टरचे स्वतःचे पाथरवट आहेत, आजही छिन्नी-हातोडा घेऊन नव्या चुनखडीच्या शिळा घडवतात. त्यांचं काम बाहेरच्या अंगाला ठळक दिसतं, पिवळसर-पांढरा नवा दगड म्हणजे त्यांचा.

सदाशिव पेठ रिटर्न्स
ओके. ईव्हनसाँग मान्य. तिकिटाला विरोध कायम.

अनुस्वार
तुमच्या पुणेकर मित्राला एक गंमत दाखवा. मिन्स्टरचं छत वर बघताना दगडी वाटतं, ते लाकडाचं आहे. एवढ्या रुंदीवर दगडी कमान पेलणं धोक्याचं, म्हणून लाकूड लावून दगडासारखं रंगवलं. त्यामुळे जळण्याची परंपराही मोठी. १८२९ मध्ये जोनाथन मार्टिन नावाच्या माथेफिरूने मुद्दाम आग लावली, १८४० मध्ये कामगाराच्या हातून लागली, आणि ९ जुलै १९८४ च्या पहाटे दक्षिण बाजूचं छत बहुधा वीज पडून जळालं.

या तिसऱ्या आगीची कथा भारी आहे. तीनच दिवस आधी, ६ जुलैला, याच मिन्स्टरमध्ये डरहॅमच्या नव्या बिशपांचा, डेव्हिड जेंकिन्स यांचा दीक्षाविधी झाला होता. कुमारी मातेच्या पोटी जन्म वगैरे गोष्टी शब्दशः घ्यायच्या का, याबद्दल ते जाहीरपणे शंका घ्यायचे. झालं! देवाने वीज टाकली म्हणून वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस.

कोल्हापुरी ठसका
नेम चुकला म्हणायचा. बिशप डरहॅमला, वीज यॉर्कला. आणि तीन दिवस उशिरा. देवाकडे पण टपाल खातंच हाय वाटतं.

अनुस्वार
@कोल्हापुरी ठसका, ;-)
पुढची गोष्ट जास्त आवडीची. छत परत बांधलं तेव्हा कमानीच्या सांध्यांवर जी गोल कोरीव लाकडी फुलं असतात, त्यातल्या काहींसाठी बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमातून स्पर्धा घेतली. सहा मुलांची चित्रं निवडून तशीच कोरली. त्यामुळे मध्ययुगीन वास्तूच्या छतावर आज चंद्रावर उतरलेला माणूस आहे, देवमासा आहे. दक्षिण दाराने आत शिरल्यावर मान वर करून शोधा.

खादाडखाऊ
मुद्द्याचं कुणी बोलतच नाहीये. मँचेस्टरकर शाकाहारी मित्रासाठी:

यॉर्कशायरमध्ये चिप्स खाण्याआधी तेल विचारा!! फिश अँड चिप्सच्या बऱ्याच दुकानांत इकडे तळण अजून बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईबैलाच्या चरबीत असतं आणि ते त्याची जाहिरात अभिमानाने करतात. बटाटाच तर आहे म्हणून बिनधास्त घेऊ नका. यॉर्कशायर पुडिंगचंही तेच, पीठ-अंडं-दूध एवढंच असलं तरी साचात आधी काय ओतलंय ते विचारायचं. काउंटरवर सरळ विचारा, लोक नीट सांगतात, कोणी वाकड्यात शिरत नाही.

बाकी चैन आहे. बेटीज या टी-रूममध्ये 'फॅट रॅस्कल' मागवा, बेदाणे-चेरी घातलेला जाडजूड स्कोनचा भाऊ, वर बदामाचे दात काढलेले असतात. खिडकीतून दिसणारी रांग बघून पळून जाऊ नका, सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर लगेच जागा मिळते. थंडी असेल तर पार्किन घ्या, ओट, आलं आणि काकवीसारख्या ट्रीकलचा केक. आपल्या जिभेला तो पहिल्याच घासात ओळखीचा वाटतो. आणि हे चॉकलेटचं गाव आहे बरं का, किटकॅट इथल्या राउंट्रीच्या कारखान्यात १९३५ साली निघालं, तेव्हा नाव वेगळं होतं.

अबोली
चिप्सबद्दल +१००. माझ्या सासूबाईंना हे आधी कळलं म्हणून बरं.

मुक्काम पोस्ट लीड्स
आता तटबंदी. साडेतीन किलोमीटरच्या आसपास, फुकट, अंधार पडला की बंद. मध्ये मध्ये तुटते, खाली उतरून रस्त्यावरून जाऊन परत चढावं लागतं. गुडघ्यासाठी सांगतो, पूर्ण फेरी करू नका. बूदम बार ते मंक बार (इथे बार म्हणजे वेस) एवढाच तुकडा चाला. डाव्या हाताला घरांची परसं, उजवीकडे झाडांतून मिन्स्टर सारखं डोकावत राहतं. पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि आतल्या बाजूला काही ठिकाणी कठडा नाही, पाऊस पडला असेल तर जपून.

मिन्स्टरच्या मनोऱ्याला २७५ पायऱ्या, गोल, अरुंद, वेगळं तिकीट. कुरकुरत्या गुडघ्याने खाली थांबून कॉफी प्यावी.

डरहॅमवाली
सगळे यॉर्कचेच भाट जमलेत, म्हणून लिहावं लागतंय. शिकायला डरहॅमला होते, त्यामुळे पक्षपात आहे, लपवत नाही.

पुणेकराच्या प्रश्नाचं उत्तर एकट्या यॉर्कमध्ये मिळणार नाही, दोन्ही पाहिलीत तर मिळेल. डरहॅमचं काम १०९३ मध्ये सुरू झालं, चाळीस वर्षांत मुख्य इमारत उभी. यॉर्कचं आजचं मिन्स्टर बांधायला अडीचशे वर्षं लागली, १४७२ ला पुरं झालं. डरहॅममध्ये भिंती जाड, खिडक्या लहान, खांब असे की चार माणसांनी हात धरले तरी वेढा पुरा होत नाही. त्यांवर नागमोडी आणि चौकटींची खोल नक्षी, प्रत्येक जोडीची वेगळी. यॉर्कमध्ये तेच दगड इतके बारीक होत गेलेत की भिंतीच्या जागी काचच उरली. एक वजन पेलून दाखवतं, दुसरं वजन लपवतं. हे बघूनही कोणी सारखंच आहे म्हणालं तर त्याला चष्म्याच्या दुकानात न्या.

डरहॅममध्ये आत शिरल्यावर पश्चिमेच्या टोकाला फरशीत काळ्या दगडाची एक रेघ आहे. मठाच्या काळात बायकांनी तिच्यापुढे जायचं नाही. मी आईला घेऊन गेले होते तेव्हा ती रेघेवर क्षणभर थांबली, "आमच्याकडे गाभाऱ्याला असते ती" म्हणाली आणि टुणकन पलीकडे गेली.

प्रवेशाला सक्तीचं तिकीट नाही, जमेल ते दान टाका. स्टेशनात शिरताना गाडी पुलावरून जाते तेव्हा कॅथीड्रल आणि किल्ला एकत्र दिसतात. यॉर्कहून पाऊण तासाच्या आसपास. रविवार डरहॅमला द्या.

फोर्टातला कारकून
मुंबईतून वाचतोय, इंग्लंड पाहिलेलं नाही. पण डरहॅमवालीताई, तिथे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं काही आहे का? आमच्या विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर त्याच्या आराखड्यावर बांधले. रोज खालून जातो.

डरहॅमवाली
आहे की! गायनाच्या जागेपुढे तीन कमानींचा रंगीत संगमरवरी पडदा आहे आणि नक्षीदार व्यासपीठ, दोन्ही त्याचीच. १८७० च्या दशकातली, म्हणजे तुमच्या टॉवरच्याच वेळची. डरहॅमकरांना तो पडदा फारसा रुचत नाही, त्या जाडजूड खांबांत फार नटवा वाटतो.

फोर्टातला कारकून
गंमत म्हणजे स्वारी मुंबईत कधी आलीच नाही. लंडनला बसून कागदावर काढलं आणि पाठवून दिलं. आमच्याकडे मात्र तो नटवेपणा शोभून दिसतो. मावळतीच्या उन्हात ओव्हल मैदानावरून बघा कधी.

टेम्सकाठचा बोका
वर्क फ्रॉम होमचा आद्यपुरुष.

शेंगदाणा
जॉर्विकबद्दल कोणीच लिहिलं नाही? व्हायकिंग लोकांनी ८६६ मध्ये यॉर्क घेतलं, त्यांच्या वस्तीचं उत्खनन झालं तिथेच हे केंद्र आहे. छोट्या डब्यात बसून जुन्या गावातून फेरी, सोबत तेव्हाचे वास. खरोखर वास सोडतात. धूर, मासळी, आणि इतरही.

शिवाय जगप्रसिद्ध शी. एका व्हायकिंगाची, वीस सेंटिमीटर, १९७२ मध्ये बँकेच्या जागेखाली सापडली. काचेच्या पेटीत ठेवली आहे.

कोल्हापुरी ठसका
आणि ह्यासाठी तिकीट? सदाशिव पेठकर, आता बोला.

सदाशिव पेठ रिटर्न्स
निःशब्द.

अनुस्वार
त्यावरून कळलं की गडी मांस आणि पाव खायचा आणि पोटात जंतांचा सुळसुळाट होता. २००३ मध्ये हाताळताना पडून तिचे तीन तुकडे झाले, मग चिकटवले. चिकटवणाऱ्याने घरी जाऊन बायकोला आज ऑफिसात काय केलं ते काय सांगितलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

खादाडखाऊ
मी खाण्याचं लिहिलं होतं त्याच्यावर हे. धन्यवाद मंडळी.

इंजिनड्रायव्हर
नॅशनल रेल्वे म्युझियम! स्टेशनच्या मागेच, फुकट. 'मॅलार्ड' तिथे उभं आहे. ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल, वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही टिकून आहे. निळं, पुढचं तोंड पाचरीसारखं. शेजारी जपानची शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आत बसता येतं. चार मित्रांतला एक जरी लहानपणी फाटकाशी उभा राहून डबे मोजणारा असेल तर तीन तास काढून ठेवा.

यॉर्कचं स्टेशनही घाईत सोडू नका. १८७७ चं. फलाटावरचं लोखंडी छत वळणावर आहे, टोकाला उभं राहिलं की सगळ्या कमानी एकामागे एक वळत जाताना दिसतात.

माजघर
सगळं हसतखेळत चाललंय, त्यात एक जड गोष्ट. क्लिफर्ड्स टॉवरला जाल, टेकाडावरचा गोल बुरूज, वरून गाव छान दिसतं. ११९० च्या मार्चमध्ये शहरातले ज्यू जमावापासून जीव वाचवायला इथल्या किल्ल्यात शिरले. तेव्हाचा बुरूज लाकडी होता. बाहेर वेढा पडलेला, सुटका नाही हे कळल्यावर बहुतेकांनी आपल्याच माणसांच्या हातून मरण पत्करलं आणि आग लावली. जे बाहेर आले त्यांना अभय देऊनही कापलं. दीडशेच्या आसपास माणसं. जमावात सावकारांचे देणेकरी होते, त्यांनी नंतर मिन्स्टरमध्ये ठेवलेली कर्जाची कागदपत्रं जाळली. पायथ्याशी फलक आहे. लोक त्याच्याशेजारी आइस्क्रीम खात बसतात, त्यांचंही चुकत नाही म्हणा. पण वर जाण्याआधी तो वाचावा.

अबोली
कर्जाचे कागद मिन्स्टरमध्ये होते हे लक्षात नव्हतं. काचेबद्दल एवढं भरभरून लिहिलं मी. हेही त्याच छपराखालचं.

घाटमाथा
मंडळी, जाऊन आलो! सगळ्यांचे आभार. थोडक्यात वृत्तांत टाकतो, लंडनकर फोटो देईल तेव्हा देईल.

शनिवारी दुपारी मिन्स्टर. तिकीट काढलं (सदाशिव पेठकर, क्षमस्व). पुणेकर दहा मिनिटं हात मागे बांधून, आपण काही भुलणार नाही अशा चेहऱ्याने हिंडत होता. दक्षिण बाजूला देवमासा शोधायला लावला आणि तिथे तो अडकला. मासा सापडला, मग चंद्रावरचा माणूस हवा. तिथे उभ्या असलेल्या स्वयंसेवक आजोबांनी खिशातून छोटी दुर्बीण काढून दिली आणि १९८४ च्या त्या पहाटेबद्दल सांगायला सुरुवात केली. नंतर पूर्वेच्या खिडकीपुढे आम्ही तिघे खुर्चीवर, हा उभाच. कारखान्यात क्वालिटीचा माणूस आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न असा की छपन्न पौंडांत, तीन वर्षांत, रिजेक्शन किती गेलं असेल?

ईव्हनसाँगला तिघं बसलो. मँचेस्टरकर बाहेर पुलाजवळ तेलाची चौकशी करत हिंडत होता. तीन दुकानांत ड्रिपिंग, चौथ्यात वनस्पती तेल मिळालं. खादाडखाऊ, तो तुमच्या नावाने पारायण करणार आहे. मी केलेले थालीपीठ-लोणचं रात्री हॉटेलच्या खोलीत संपलं, ते वेगळं.

तटबंदी तेवढाच तुकडा चाललो, गुडघा शाबूत. जॉर्विकचं बुकिंग भरलेलं, त्यामुळे शी राहिली. शॅम्बल्स रविवारी सकाळी रिकामी मिळाली तरी मला फार भावली नाही. घरं सुंदर आहेत, वरचे मजले एकमेकांवर झुकलेले, पण खाली दर दुसरं दुकान जादूच्या कांड्या विकणारं. क्लिफर्ड्स टॉवरचा फलक वाचला. नंतर बराच वेळ कोणी चेष्टा केली नाही.

डरहॅम झालं नाही. रेल्वे म्युझियममधून लंडनकरालाच बाहेर काढता येईना, ज्याने डरहॅमचा हट्ट धरला होता त्यालाच.

पुणेकराचं अंतिम मत: "सगळी सारखी नसतात हे मान्य. वीस पौंड जास्तच आहेत." आता डिसेंबरात परत यायचं म्हणतोय, डरहॅमसाठी.

डरहॅमवाली
डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, सकाळची गाडी घ्या. आणि गरम मोजे. आत हीटिंग आहे ते फक्त म्हणायला.

सदाशिव पेठ रिटर्न्स
तुमच्या मित्राचा सभासद क्रमांक कळवा, आमच्या पक्षात घेतो.

इंजिनड्रायव्हर
लंडनकराला माझा नमस्कार.

नवीन सभासद_स्लाव
सगळा धागा एका बैठकीत वाचला. आईबाबा येतायत, वय सत्तरीच्या पुढे, दोघांना चालवतं पण चढवत नाही. यॉर्क जमेल का? की लिंकन बघावं, कुणीतरी ते सुचवलंय?

मुक्काम पोस्ट लीड्स
यॉर्क आरामात. गाव सपाट आहे, मिन्स्टरमध्ये ठिकठिकाणी बसायची सोय आहे, मनोरा आणि तटबंदी वगळा. रविवार सकाळी उपासना असतात, हिंडून बघायला दुपारनंतर सोडतात, त्यामुळे शनिवारी जा. लिंकनचं कॅथीड्रल अप्रतिम, पण स्टेशनवरून तिथे जाणाऱ्या रस्त्याचं नावच 'स्टीप हिल' आहे. आईबाबांना टॅक्सीने वर न्या, उतरताना चाला.